खानापूरचा भाचा, दोन गाड्या आणि सहा हजारांचे पाने: एक प्रकरण

प्रकरण असं. माझा भाचा, राहायला खानापूर तालुक्यातल्या एका गावात, नोकरी बेळगावात उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये, शिफ्ट ड्युटी. घरात दोन गाड्या, एक दाजींची जुनी स्प्लेंडर, टाकीवर अजून हीरो होंडा लिहिलेली, आणि दुसरी त्याची स्वतःची होंडा युनिकॉर्न, जिच्यावर तो रोज जाऊन-येऊन पन्नासच्या वर किलोमीटर मारतो. पावसाळ्यात त्या बाजूची तांबडी राड ज्यांनी बघितलीय त्यांना चेनचं काय होतं ते वेगळं सांगायला नको. गावातला मिस्त्री हाताचा चांगला आहे पण रोप लावणी सुरू झाली की दुकानाला कुलूप, माणूस शेतात. बेळगावात सर्व्हिसिंगला टाकायची तर एक सुट्टी तिथंच जाते. म्हणून त्याने ठरवलं की ऑइल, चेन, प्लग, एअर फिल्टर, केबल, ब्रेक पॅड एवढी कामं घरीच करायची, आणि त्यासाठी सहा हजार बाजूला काढले.

त्याचं मन ऑनलाइन दिसलेल्या १०८ नगांच्या सॉकेट सेटवर बसलं होतं. साडेचार हजाराच्या आसपास, काळी पेटी, आत सगळं चकाचक खाचेत बसवलेलं. "मामा, एकदाच घेऊन टाकतो, जल्मभर बघायला नको." दाजींचं मत उलट टोकाला, "गाडीबरोबर आलेले पाने हायत की, आमी तेवढ्यावरच चालवली न्हाई काय इतकी वर्सं? पाव्हणं, तुमीच सांगा ह्याला." दोघांचंही अर्धं-अर्धं बरोबर होतं आणि म्हणूनच हे प्रकरण लिहावंसं वाटलं, कारण बहुतेक घरात ह्याच दोन टोकांवर भांडण अडतं आणि मधली वाट कोणी बघत नाही.

आधी एक जुनी भानगड सांगायला पाहिजे. त्याच्याकडे एक स्वस्तातला ४६ नगांचा छोटा सेट होता, कुठल्या तरी सेलमध्ये घेतलेला, ब्रँड सांगण्यासारखा नाही आणि सांगणार पण नाही. त्यातला फुलीच्या टोकाचा बिट लावून त्याने युनिकॉर्नच्या पुढच्या ब्रेकच्या मास्टर सिलिंडरचं झाकण खोलायला घेतलं होतं, फ्लुइड बघायला. झाकणावर दोन छोटे स्क्रू असतात, डोकं झाकणात बुडालेलं. एक सुटला. दुसऱ्यावर बिट फिरला, वर आला, परत फिरला, आणि स्क्रूच्या डोक्यातली फुली गेली, तिथं नुसता चकचकीत खड्डा राहिला. त्याचं म्हणणं स्क्रू मऊ धातूचा होता. स्क्रू मऊ असतोच थोडा, पण खरं कारण वेगळं आहे आणि ते कळलं तर निम्मी खरेदी आपोआप ठरते.

आपल्याकडच्या जपानी घराण्यातल्या गाड्यांवर, म्हणजे होंडा, यामाहा, सुझुकी आणि हीरोच्या होंडावरून आलेल्या मॉडेलवर, जे फुलीवाले स्क्रू असतात ते दिसायला फिलिप्ससारखे पण खाच जपानी स्टँडर्डची, जेआयएस. ओळखायची सोपी खूण म्हणजे बऱ्याच वेळा स्क्रूच्या डोक्यावर फुलीच्या बाजूला एक बारीक ठिपका असतो. ह्या खाचेत साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घातला की तो तळापर्यंत नीट बसत नाही, जोर दिला की वर सरकतो आणि सरकताना खाचेच्या कडा घेऊन जातो. उलट जेआयएस टोकाचा ड्रायव्हर फिलिप्स स्क्रूलाही बऱ्यापैकी चालतो. म्हणजे घरात एकच जात ठेवायची असेल तर कुठली ठेवायची हे उघड आहे, पण आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मागितलं तर दहातले नऊ जण "तेच आहे हो ते" म्हणून फिलिप्स हातात देतात. जपानी ब्रँडचे ड्रायव्हर, व्हेसल वगैरे, ऑनलाइनच मागवावे लागतात.

तर मी त्याला म्हटलं, पेटी नंतर बघू, आधी गाडी मोजू. ह्याला व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) कामावर रोज हातात असतो त्यामुळे हे काम त्याला आवडलं. दोन्ही गाड्या मेन स्टँडवर लावल्या, आणि घरी करायची जी कामं ठरवली होती त्या प्रत्येक कामात कुठला नट, कुठला बोल्ट, कुठला स्क्रू लागतो ते एका जुन्या वहीत लिहीत गेलो. इंजिनच्या साइड कव्हरचे बोल्ट ८ च्या (सगळे आकडे मिमीत) डोक्याचे. बॅटरी, केबलचे अ‍ॅडजस्टर, इकडचं-तिकडचं ब्रॅकेट, सगळं १०. थोडे १२. जाड बोल्ट १४. स्प्लेंडरचा ऑइल ड्रेन १७. अ‍ॅक्सलचे नट त्याहून मोठे, ते शेजाऱ्याचे पाने लावून बघितले. प्लग १६, पण त्याला लांब बॉक्स पाना लागतो आणि तो गाडीच्या टूलकिटमध्ये आलेला आहेच.

वही भरल्यावर एक गोष्ट डोळ्यात आली. ११ कुठंच नाही, १३ नाही, १५ नाही, १८ नाही. हा योगायोग नव्हे. जपानी पद्धतीत ६ मिमी आट्याच्या बोल्टला डोकं ८ किंवा १० चं, ८ मिमीला १२ चं, १० मिमीला १४ चं, १२ मिमीला १७ चं. जर्मन पद्धतीत तोच ८ मिमीचा बोल्ट १३ चं डोकं घेऊन येतो, १० मिमीचा १७ चं आणि १२ मिमीचा १९ चं. म्हणून कारखान्यात बसणाऱ्याला १३ आणि १९ शिवाय करमत नाही आणि स्प्लेंडरवाल्याला १३ लागतच नाही. तुमची गाडी दुसऱ्या घराण्याची असली तर तुमच्या वहीत १३ निघू शकतो, म्हणून मी हे आकडे कोणाला आयते वापरायला सांगत नाही, मोजायला सांगतो.

आता १०८ नगांची पेटी वहीसमोर ठेवली (फोटोतच, अजून घेतली नव्हती). तसल्या पेटीत काय असतं तर अर्ध्या इंची ड्राइव्हच्या (दांड्याच्या चौकोनी टोकाचं माप) गोट्या, म्हणजे सॉकेट, ३२ पर्यंत, पाव इंचीच्या ४ पासून १४ पर्यंत, काही लांब गोट्या, दोन रॅचेट (न काढता पुढे-मागे फिरवायचे दांडे), एक्स्टेंशन, आणि उरलेला सगळा भरणा बिटांचा, टॉर्क्स (चांदणीच्या टोकाचे), अ‍ॅलन, चपटे, फिलिप्स. टॉर्क्स त्याच्या दोन्ही गाड्यांवर ठरवलेल्या कामात एक पण लागत नव्हता. फिलिप्स बिट तर वर सांगितलेल्या कारणाने नकोच. २४ च्या वरची गोटी कशाला, ट्रॅक्टरला? मोजून बघितलं तर खरंच हातात येणारे नग पंधराच्या आसपास. बाकीच्याला तो फक्त पेटी जड करायचे पैसे देणार होता.

त्यापेक्षा मोठी अडचण रॅचेटची. अर्ध्या इंची रॅचेटचा दांडा लांब, आणि इंजिन कव्हरचा ६ मिमी बोल्ट अल्युमिनियममध्ये जातो. त्याला जोर लागतो १०-१२ न्यूटन मीटर (आवळायच्या जोराचं माप), म्हणजे मनगटाचा, खांद्याचा नाही. लांब दांड्याने सवयीने आवळला की बोल्ट तुटत नाही, आतले आटे निघून येतात दळलेल्या चांदीसारखे, आणि मग हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची स्प्रिंग) घाला, लेथवाल्याकडे जा. मशीन शॉपमधल्या पोराला ही भीती जास्त, कारण त्याचा हात लोखंडाच्या जॉबवर बसलेला असतो.

मग आम्ही खडेबाजारच्या बाजूला हार्डवेअर बघायला गेलो. मी त्याला सांगितलं होतं की गाडीचा एक १० चा बोल्ट खिशात टाक आणि व्हर्नियर पण घे. दुकानदार आधी हसला. "बर्री, बर्री (या, या), काय मोजणार, सोनं हाय काय ते?" पण माणूस भला, काउंटरवर काढून ठेवू दिलं सगळं. पान्याचं तोंड बरोबर दहा असून चालत नाही, बोल्टवर बसायला थोडं मोठं लागतंच, पण ते थोडं म्हणजे किती हा खेळ आहे. घरच्या ४६ नगी सेटमधली १० ची गोटी १०.३ च्या पुढे भरली होती. दुकानातला ब्रँडेड रिंग पाना (बंद गोल तोंडाचा) १०.१ च्या आतबाहेर. ऐकायला हा फरक काहीच वाटत नाही, बोल्टवर लावून डावी-उजवी हलवला की कळतो, एक लटलट करतो आणि दुसरा गच्च बसून थोडाच हलतो. लटलट करणारा पाना बोल्टच्या सपाट बाजूला धरत नाही, कोपऱ्याला धरतो, आणि गंजलेल्या बोल्टचं डोकं गोल करायचं काम तिथंच सुरू होतं.

दुकानात बघायच्या अजून दोन-तीन गोष्टी. गोटी सहा कोनांची आहे का बारा कोनांची ते आत बघून घ्यायचं, जुन्या गंजक्या बोल्टला सहा कोनी जास्त धरते. रिंगची भिंत पातळ पाहिजे, नाहीतर अडचणीच्या जागी घुसत नाही, पण पातळ आणि मजबूत दोन्ही व्हायला स्टील चांगलं लागतं, म्हणूनच स्वस्त पाने जाडजूड असतात आणि लोकांना ते जाड बघून मजबूत वाटतात. कोपऱ्यावर क्रोमचे पापुद्रे आहेत का नखाने बघायचं. आणि "क्रोम व्हॅनेडियम" हे छापलेलं वाचून काही ठरवायचं नाही, ते आजकाल दीडशे रुपयाच्या पान्यावर पण असतं. रॅचेट घेणार असाल तर कानाशी धरून फिरवा, ७२ दातांची रॅचेट ५ अंशात पुढचा दात पकडते, २४ दातांची १५ अंश मागते, आणि एअर फिल्टरच्या बाजूच्या चिंचोळ्या जागेत तेवढा दांडा फिरायला जागाच नसते.

ब्रँडबद्दल विचारतात सगळे म्हणून सांगतो. टपारिया आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतं, नाशिकचा कारखाना, १९६५ ची कंपनी, उद्यमबागेत जाल तिथं तेच दिसतं. जालंधर-लुधियानाकडचे एक्स्पोर्ट करणारे कारखाने पण चांगला माल काढतात. माझ्या मते ह्या वर्गात ब्रँडपेक्षा तो माल खरा आहे का हे महत्त्वाचं, कारण जास्त खपणाऱ्या नावाचा डुप्लिकेट पण निघतो, म्हणून पक्कं बिल देणारं दुकान धरायचं आणि शंभर-दीडशे वाचवायला रस्त्यावरचं उचलायचं नाही.

शेवटी घेतलं ते असं. आठ नगांचा रिंग पान्यांचा सेट, ६×७ पासून २०×२२ पर्यंत, चौदाशेच्या आसपास. खरं तर ह्यातले निम्मे आकडे वहीत नव्हते आणि भाच्याने बरोबर तिथं मला पकडलं, "मामा, तुमीच म्हणालासा ना फालतू नग घ्यायचे न्हाईत?" पण पाने असेच जोडीने येतात, १०×११, १२×१३, एका टोकाला कामाचा आकडा आणि दुसरीकडे बिनकामाचा, आणि सुटे घेतले तर फार काही वाचत नव्हते, शिवाय उद्या घरात पाण्याची मोटर आहे, सायकल आहे, तिथं १३ लागतोच. फिक्स पाने (उघड्या तोंडाचे) मात्र सुटे घेतले, चारच. केबलच्या अ‍ॅडजस्टरला रिंग घालताच येत नाही, तिथं फिक्सच पाहिजे, पण जोराच्या कामाला फिक्स वापरायचा नाही हे त्याला दोनदा सांगितलं. हे चारशे.

टी-पाने (इंग्रजी T च्या आकाराचे) ८, १० आणि १२ चे, मिळून पाचशे. ह्या तीन पान्यांबद्दल मी कितीही बोलू शकतो. गॅरेजमधला कुठलाही मिस्त्री बघा, रॅचेट कपाटात आणि टी हातात. हाताला बोल्टचा अंदाज येतो, दोन बोटांनी भराभर फिरवता येतो, आणि आडवा दांडा आखूड असल्यामुळे ६ मिमीच्या बोल्टला वाजवीपेक्षा जोर लागत नाही. ८ चा टी चांगल्या स्टीलचा असेल तर स्प्लेंडरची निम्मी गाडी त्याच्यावर खुलते. पैसे कुठं एका ठिकाणीच घालायचे असतील तर इथं घाला असं मी कोणालाही सांगेन.

जेआयएस ड्रायव्हर दोन, १ नंबर आणि २ नंबर, नऊशे रुपये, ऑनलाइन. दाजींना किंमत कळल्यावर घरात थोडा आवाज झाला. अ‍ॅलन कीचा सेट तीनशे. इथंपर्यंत साडेतीन हजार.

पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा वेगळा स्टँड) घेतला नाही. व्हिडिओ बघून त्याला तो पाहिजेच वाटत होता, पण ते व्हिडिओ मेन स्टँड नसलेल्या मोठ्या गाड्यांचे असतात, ह्याच्या दोन्ही गाड्यांना मेन स्टँड आहे, मागचं चाक हवेत आपोआप येतं, चेनला अजून काय पाहिजे.

टॉर्क रेंचवर (ठरवलेला जोर झाला की टक वाजणारा पाना) मात्र आमची खरी चर्चा झाली. दुकानात अर्ध्या इंचीचा दिसला, ४० ते २१० न्यूटन मीटर, दिसायला दमदार, भाव पण बरा. कारच्या चाकाला उत्तम. पण आपल्याला जिथं चुकायची भीती आहे तो बोल्ट १० न्यूटन मीटरचा, आणि हा सुरूच ४० ला होतो! मोटरसायकलला पाव इंची ड्राइव्हचा, ५ ते २५ च्या पट्ट्यातला लागतो. तो दुकानात नव्हता, म्हणून दिवाळीच्या बोनसवर ढकलला आणि मग ऑनलाइन घेतला, अठ्ठावीसशे, ८, १० आणि १२ च्या गोट्यांसकट. एकूण हिशोब ६,३०० झाला, तीनशे वर. कंपनीतला रेंच घरी आणायचा विचार त्याच्या मनात होता, मी म्हटलं नको, कॅलिब्रेशनचा टॅग लावलेली वस्तू घरी नेऊन पाडलीस तर नोकरीचं बघावं लागेल.

वापरायचे नियम थोडेच. रेंचने नट सोडवायचा नाही, फक्त आवळायचा. क्लिक झाला की थांबायचं, खात्री म्हणून दुसऱ्यांदा टक करत बसायचं नाही, दर टकला थोडा जास्त बसतो. काम झालं की स्प्रिंग सैल करून सगळ्यात खालच्या आकड्यावर ठेवून द्यायचा. आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आकडा किलोग्रॅम फोर्स मीटरमध्ये असेल तर साधारण १० ने गुणायचं, अचूक ९.८१, नाहीतर १.० वाचून कोणी १ न्यूटन मीटरवर सोडून दिलं तर बोल्ट रस्त्यात पडायचा.

आता ते मास्टर सिलिंडरचं झाकण. फुली गेलेला स्क्रू अजून तसाच होता, मिस्त्री ड्रिल मारूया म्हणत होता. ड्रायव्हर आल्यावर आधी आजूबाजूला आणि टाकीवर ओलं फडकं टाकलं, कारण ब्रेक फ्लुइडचा थेंब रंगावर पडला की रंग सुटतो. खाचेतली घाण टाचणीने काढली. २ नंबरचा जेआयएस ड्रायव्हर सरळ उभा धरून मुठीवर छोट्या हातोडीने हलके दोन-तीन ठोके, म्हणजे टोक उरलेल्या खाचेत रुतावं आणि गंज पण हलावा. जोरात नाही, खाली हँडलबार आहे, निहाई नाही. मग वरून अंगाचा भार देत, फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त ताकद लावून, सावकाश. कट् असा आवाज झाला. भाच्याला वाटलं परत घसरला, पण स्क्रू पाव फेरा सुटला होता. तो आता फेकून दिला आणि दोन्ही नवीन घातले, बसवताना मनगटानेच, कारण त्या स्क्रूला फक्त झाकण धरायचं असतं.

बाकी कामाचं फार सांगण्यासारखं नाही, ऑइल बदललं, चेन साफ करून ताणली, ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन घातला. कामाला न आलेल्या वस्तू पण सांगतो, अ‍ॅलन सेटमधल्या दोनच चाव्या वापरात आहेत आणि २०×२२ चा पाना अजून तेलकागदातून बाहेर निघाला नाही.

खरा त्रास झाला तो गंजाचा, आणि हा आमच्या त्या पट्ट्याचाच. जूनपासून भिंती घाम काढतात तिथं, पाने लोखंडी पेटीत ओले ठेवले तर क्रोमवर ठिपके यायला लागतात. आता तो काम झालं की राडीचे हात पुसून पाने कोरडे करतो, जुन्या इंजिन ऑइलने नाही तर साध्या मशीन ऑइलने ओलावलेल्या कापडात गुंडाळतो, आणि पेटी जमिनीवर न ठेवता भाताच्या कणगीच्या वरच्या फळीवर ठेवतो. जुनं ऑइल का नाही, तर त्यात जळलेला मळ आणि आम्लाचा अंश असतो, चांगल्या पान्याला ते कशाला फासायचं. टॉर्क रेंच त्याच्या स्वतःच्या डब्यातच, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, त्या पुड्या बुटांच्या खोक्यातून गोळा केलेल्या.

सध्या विषय टॅपेटचा, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हवरच्या फटीचा, चालू आहे. त्याला फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घेऊन टॅपेट पण घरीच सेट करायचे आहेत, गेज काही महाग नाही. माझं म्हणणं, इंजिन पूर्ण थंड पाहिजे, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपला आणता आला पाहिजे, आणि लॉक नट आवळताना गॅप हलतो तो धरायला हात बसावा लागतो, तर पहिल्या वेळी मिस्त्रीच्या शेजारी बसून बघ आणि मग घे. दाजी म्हणतात ते नऊशेचे ड्रायव्हर विकून घे. तेवढ्यावर अडलंय.